आजचे चिंतन : शेतात उगवलेलं सगळं म्हणजे मी नव्हे



आजचा वाचनभाग : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ५ आणि ६. (ज्या प्रतींत हा अध्याय अर्जुनाच्या प्रश्नाने सुरू होतो, त्यांत हेच श्लोक ६ आणि ७ म्हणून सापडतील.)

काल आपण या अध्यायाच्या दाराशी होतो. भगवंतांनी शरीराला ‘क्षेत्र’ म्हटलं, म्हणजे शेत. आणि त्या शेताला जो जाणतो त्याला ‘क्षेत्रज्ञ’ म्हटलं. आज त्या शेतात काय काय येतं याची यादी आहे. आता यादी म्हटली की आपण भरभर वाचून पुढे जातो. पारायणात तर हे दोन श्लोक एका श्वासात होऊन जातात. पण मंडळी, आज इथे जरा बसू या. कारण या यादीत एक अशी गोष्ट आहे, जी नीट कळली तर आपलं रोजचं निम्मं ओझं हलकं होईल.

आधी यादी बघू. पाच महाभूतं. मग अहंकार, बुद्धी आणि अव्यक्त प्रकृती. दहा इंद्रियं आणि अकरावं मन. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध हे पाच विषय. झाली चोवीस तत्त्वं. इथपर्यंत सांख्यशास्त्र माहीत असणाऱ्याला नवं काही वाटणार नाही. पण पुढच्या श्लोकात भगवंत आणखी सात गोष्टी त्याच शेतात टाकतात. एखादी गोष्ट हवी वाटणं. एखादी नकोशी वाटणं, तिचा द्वेष वाटणं. सुख. दुःख. या सगळ्याचा मिळून झालेला हा देहाचा जमाव. त्यात खेळणारी चेतना. आणि तग धरून राहण्याची ताकद, म्हणजे धृती.

लक्षात आलं का काय झालं ते? माती, पाणी, डोळे, कान यांना ‘हे मी नाही’ म्हणायला आपण पटकन तयार होतो. नख कापलं तर ‘मी कापला गेलो’ असं कोणी म्हणत नाही. पण राग, हेवा, भीती, हुरहुर यांना? ते तर आपल्याला अगदी आतले, अगदी आपले वाटतात. भगवंत मात्र त्यांनाही उचलतात आणि माती-पाण्याच्या रांगेत नेऊन बसवतात. जसं शेतात पाणी असतं, तसं मनात दुःख असतं. दोन्ही शेतातच. दोन्ही जाणली जाणारी. जाणणारा वेगळा.

सात आणि बारा

‘क्षेत्र’ हा शब्द आपल्याला गीतेपेक्षा तलाठ्याच्या कार्यालयातून जास्त ओळखीचा आहे! सातबाऱ्याचा उतारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो खरं तर दोन नमुन्यांचा मिळून झालेला आहे. गाव नमुना सात, त्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे ते. आणि गाव नमुना बारा, त्यावर त्या जमिनीत कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात कोणतं पीक होतं त्याची नोंद. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, कधी नुसतीच पडीक. बाराची नोंद दर हंगामाला बदलते. म्हणून सातवरचं नाव काही कोणी बदलत नाही. हरभरा पेरला म्हणून मालकाच्या जागी ‘हरभरा’ असं कोणी लिहीत नाही.

आपण मात्र आतल्या उताऱ्यावर नेमकं हेच करतो. एका हंगामात रागाचं पीक आलं की सातच्या रकान्यात लिहून टाकतो, ‘मी तापट’. एका परीक्षेत, एका मुलाखतीत हात थरथरले की लिहितो, ‘मी भित्रा’. कोणाच्या चांगल्या बातमीने पोटात थोडं दुखलं की लिहितो, ‘मी जळकुकडी’. आणि एकदा लिहिलं की ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. पीक कधीच निघून गेलेलं असतं, नाव मात्र त्याचंच लागलेलं.

दृष्टान्त एका बाजूनेच लागू पडतो, हे ध्यानात ठेवा. क्षेत्रज्ञ हा मालक नाही, तो जाणणारा आहे. मालकी म्हटली की पुन्हा ‘माझं’ आलंच. पण पीक आणि ते पाहणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं समजायला सातबारा पुरेसा आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या अगदी सुरुवातीला हीच अडचण सांगितली आहे. चित्ताच्या वृत्ती शांत होतात तेव्हा पाहणारा आपल्या मूळ रूपात असतो, आणि एरवी तो त्या वृत्तींसारखाच होऊन बसतो, असा तिसऱ्या आणि चौथ्या सूत्राचा आशय आहे. वृत्ती उठते यात बिघडत काही नाही. आपण तिच्या आकाराचे होतो, तिथे घोळ होतो.

राग येतो, म्हणजे तो जातोही

आपली मराठी याबाबतीत फार शहाणी आहे. बोलताना ऐकून बघा. मला राग आला. रडू आलं. कंटाळा आला. आठवण आली. भीती वाटली. दया आली. सगळं ‘येतं’. पाहुणा यावा तसं. ‘मी राग आहे’ असं मराठीत म्हणताच येत नाही. आपल्या आजी-पणजींना कोणी तत्त्वज्ञान शिकवलं नव्हतं, पण जिभेवर हे ज्ञान बसलेलं होतं की, भावना ही येणारी गोष्ट आहे आणि जिच्याकडे ती येते ती वेगळी आहे.

आणि जे येतं ते जातं. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला थंडी-ऊन आणि सुख-दुःख यांबद्दल हेच सांगितलं, की हे येणारे-जाणारे आहेत, टिकणारे नाहीत, म्हणून सोस. ‘सोस’ म्हणजे दात आवळून बस असं नव्हे. पाहुणा आहे हे ओळखून राहा, असं.

मग चुकतं कुठे? पाहुणा आला की आपण त्याला ओसरीवर बसवत नाही. घराच्या किल्ल्या त्याच्या हातात देतो.

एक रोजचं उदाहरण घेऊ. तुम्ही नणंदेला मेसेज पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे तिने वाचला. उत्तर नाही. आता बघा हं काय होतं. ‘वाचून उत्तर दिलं नाही.’ ‘मुद्दामच दिलं नसणार.’ ‘तिला आपली किंमतच नाही.’ ‘बारशाच्या वेळीही असंच केलं होतं.’ ‘आपणच मेले पुढे पुढे करतो.’ ‘आता मी फोनच करणार नाही.’ पाच मिनिटांत कानशिलं तापलेली. संध्याकाळी नवऱ्याशी त्यावरून दोन शब्द. आणि यातली खरी घडलेली गोष्ट किती? दोन निळ्या खुणा. बाकी सगळं आपल्या शेतात आपोआप उगवलेलं. त्यात बी कोणतं, तण कोणतं, काही पाहिलंच नाही. सगळ्यालाच ‘मी’ म्हटलं, सगळ्यालाच ‘खरं’ म्हटलं.

यातल्या कोणत्याही एका पायरीवर एवढं जरी ध्यानात आलं की, ‘अरे, हा एक विचार आला’, तरी साखळी सैल होते. विचार खोटा आहे असं ठरवायचीही गरज नाही. कदाचित नणंदेने खरंच मुद्दाम केलं असेल! पण ‘तिने मुद्दाम केलं’ आणि ‘तिने मुद्दाम केलं असा विचार माझ्या मनात आला आहे’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यात आपण पिकात गाडले गेलेलो असतो. दुसऱ्यात बांधावर उभे असतो.

मग रडायचंच नाही का?

आता खरा अवघड भाग. आमच्या शनिवारच्या वाचनाला एक काकू येतात. त्यांचे यजमान आठ महिन्यांपूर्वी गेले. त्रेचाळीस वर्षांचा संसार. मागच्या शनिवारी हाच विषय निघाला तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “घरचे सगळे मला सांगतात, गीता वाचता ना, मग आता सावरा. गीतेत म्हटलंय की शहाणे शोक करत नाहीत. आणि मला तर त्यांचा चष्म्याचा डबा दिसला तरी रडू येतं. मग माझं एवढ्या वर्षांचं वाचन फुकटच म्हणायचं? आणि हे साक्षी-बिक्षी होऊन बघायचं म्हणजे काय, त्यांना विसरायचं?”

हा प्रश्न त्या काकूंचा एकटीचा नाही. तुमच्यापैकी कित्येकांनी तो मनात गिळलेला असेल. म्हणून नीट बघू.

पहिली गोष्ट. शहाण्यांच्या शोकाबद्दलचं ते वचन भगवंत कोणाला आणि कधी म्हणाले? अर्जुनाला, आणि ज्या क्षणी त्याच्या शोकाने निर्णयाची गादी बळकावली होती त्या क्षणी. पहिल्या अध्यायात अर्जुनाने आपली अवस्था किती बारकाईने सांगितली आहे ते आठवा. अंग गळतंय, तोंड कोरडं पडलंय, शरीराला कंप सुटलाय, हातातून गांडीव निसटतंय, त्वचेची आग होतेय, मन गरगरतंय. हे सगळं खरं होतं आणि त्याने ते नीट पाहिलंही होतं. पण लगेच त्या थरथरीनेच त्याच्या तोंडून निकाल देऊन टाकला की, मी लढणार नाही. थरथर येणं हा विकार नव्हता. थरथरीला न्यायाधीश करणं हे चुकलं. भगवंतांनी तिथे त्याला हलवलं. दुःख झालेल्या बाईला गप्प बसवायला ते वचन नाही.

दुसरी गोष्ट. याच भगवंतांनी चौदाव्या अध्यायात गुणातीताचं लक्षण सांगताना काय म्हटलं? प्रकाश, धडपड आणि मोह हे गुणांचे परिणाम आले तर तो त्यांचा द्वेष करत नाही, आणि गेले तर त्यांची वाट पाहत नाही. म्हणजे गुणातीताकडेही हे येतात! न येणं हे लक्षणच नाही. आले तर ‘का आले’ म्हणून त्यांच्यावर न चिडणं, हे लक्षण.

तिसरी गोष्ट, आणि ही मला सर्वांत जवळची. ज्ञानेश्वर माऊलींनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचं वर्णन नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आलं आहे. त्यात सगळे संत व्याकूळ आहेत. आणि त्यांत निवृत्तिनाथही आहेत. निवृत्तिनाथ म्हणजे कोण? माऊलींचे थोरले बंधू आणि प्रत्यक्ष गुरू. ज्यांच्याकडून माऊलींना ज्ञान मिळालं, ते. त्यांचंही मन त्या दिवशी हेलावलं. कोणी म्हणेल का की निवृत्तिनाथांचं ज्ञान कमी पडलं? ज्ञान डोळ्यांतलं पाणी आटवत नाही. डोळ्यांतलं पाणी आणि ‘मी संपलो’ या दोन गोष्टी वेगळ्या करतं.

बुद्धांच्या उपदेशात याला फार सुंदर दृष्टान्त आहे, तो संयुत्त निकायात येतो. एखाद्याला बाण लागतो. लागलेल्या जागी लगेच दुसरा बाण लागावा, तसं अजाण माणसाचं होतं. पहिला बाण म्हणजे प्रत्यक्ष वेदना. दुसरा बाण म्हणजे त्या वेदनेवर आपण करत बसलेला आक्रोश. जाणत्यालाही पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही. काकूंना मी एवढंच म्हटलं, की काका गेले हा पहिला बाण. तो कोणाला चुकला नाही. पण ‘मी रडते म्हणजे माझी भक्ती खोटी’ हा दुसरा बाण आहे, आणि तो रोज नव्याने लागतोय. तो तर काढता येईल ना?

आणि विसरण्याचं म्हणाल, तर साक्षीभावाने काहीच विसरलं जात नाही. उलट दुःखापासून पळणाराच आठवणींनाही दाराबाहेर ठेवतो. चष्म्याचा डबा माळ्यावर टाकतो, त्या खोलीत जात नाही. दुःखाकडे बघू शकणारा तो डबा हातात घेऊ शकतो. रडू येईल, येऊ द्यावं. घसा दाटेल, छातीत भरून येईल, ते कसं येतं, किती वेळ राहतं, कसं ओसरतं हे बघावं. मला हे जाणवतंय, हे बघावं. दुःख मोठं आहे, पण ते ज्याला जाणवतंय त्याच्यापेक्षा मोठं नाही. शेतापेक्षा पीक मोठं होत नाही आणि आभाळापेक्षा ढग.

काकू काल भेटल्या तेव्हा सहज म्हणाल्या, “परवा रडू आलं होतं. म्हटलं, ये, बस. थोड्या वेळाने गेलं. मग मी भाजी निवडायला घेतली.” एवढंच. पण मला वाटतं, सहाव्या श्लोकावरची याहून चांगली टीका मी करू शकणार नाही.

बांधावर उभा राहणारा खुरपणीही करतो

काही जण विचारतील, नुसतं बघत बसलं तर माणूस दगड होणार नाही का? अन्याय दिसला तरी ‘राग आला, गेला’ म्हणत बसायचं का?

नाही. शेताकडे बघणारा शेतकरी आळशी असतो का? उलट जो रोज बांधावरून चक्कर मारतो त्यालाच हरळी कुठे पसरतेय ते वेळेवर दिसतं. तो तिला पाहून ‘मी हरळी आहे’ म्हणून कपाळाला हात लावत नाही आणि ‘हरळी नाहीच’ असंही म्हणत नाही. खुरपं घेतो आणि कामाला लागतो. गीता ऐकून अर्जुन रानात निघून गेला नाही, उभा राहिला आणि कामाला लागला. फरक एवढाच पडला की आता धनुष्य थरथरीच्या हाती नव्हतं.

राग आला आहे हे ज्याला दिसलं, तो ठामपणे बोलू शकतो. राग ज्याच्या तोंडून बोलतो, तो फक्त ओरडू शकतो. मुलाला शिस्त लावणं आणि मुलावर दिवसभराचा शीण काढणं यांतला फरक मुलांना बरोबर कळतो.

आणखी एक, अगदी स्पष्टपणे सांगते. कधी कधी शेतच आजारी पडतं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको असे विचार पुन्हा पुन्हा येताहेत, अशा वेळी ‘मी साक्षीभावाने बघेन’ म्हणत एकट्याने सोसू नका. मन हे क्षेत्रातलंच आहे, मग क्षेत्राला औषध द्यायला संकोच कसला? डॉक्टरांकडे जा, घरच्यांना सांगा. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे. साखर वाढली की गोळी घेतो, तसंच हे.

इगतपुरी आणि नेवासे

हल्ली ‘माइंडफुलनेस’ हा शब्द तरुण मुलांच्या तोंडी फार आहे. ऑफिसात त्याची शिबिरं होतात, फोनवर त्याची अ‍ॅप असतात. चांगलंच आहे. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रुग्णांसाठी हा अभ्यास सुरू केला आणि तिथून तो जगभर दवाखान्यांत, शाळांत गेला. पण त्याचं मूळ बुद्धांच्या सतिपट्ठान उपदेशात आहे. तिथे चार गोष्टींकडे जागेपणाने बघायला सांगितलं आहे : काया, वेदना, चित्त आणि धम्म. चित्तात लोभ असेल तर ‘लोभ असलेलं चित्त आहे’ असं जाणायचं, नसेल तर ‘नाही’ असं जाणायचं. ना मारझोड, ना लाड. आणि त्यासाठी लांब जायला नको. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासून आपल्या नाशिक जिल्ह्यातच आहे. दहा दिवसांच्या मौनाला जाऊन आलेले तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी असतीलच.

दोन्ही मार्ग एकच आहेत असं म्हणून मी सरमिसळ करणार नाही. बुद्ध म्हणतात, यातलं काहीच माझं नाही, हे मी नाही, हा माझा आत्मा नाही, आणि तिथेच सोडून देतात. मागे कोणी ‘पाहणारा’ पकडून बसत नाहीत. गीता मात्र पुढचं पाऊल टाकते आणि त्या जाणणाऱ्याला नाव देते. या अध्यायाच्या दुसऱ्याच श्लोकात भगवंत म्हणतात, सगळ्या क्षेत्रांतला क्षेत्रज्ञ मलाच समज. नेवाशात बसून माऊलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी केली, तिच्यातही या अध्यायात क्षेत्राच्या एकेका तत्त्वाची ओळख ते सावकाश, प्रेमाने करून देतात. घाई नाही. शेत नीट पाहिल्याशिवाय शेत जाणणारा कळत नाही, म्हणून.

भक्ताला यात मोठा आधार आहे. साक्षी होणं हे मी कमावलेलं कौशल्य राहत नाही. माझ्या रागाच्या क्षणीही आत जो शांतपणे जाणतो आहे, तो पांडुरंगच आहे. माझ्या लाजिरवाण्या विचारांनाही तो पाहतो, आणि पाहून निघून जात नाही. अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे म्हणतात ना, तसा आतही उभाच आहे.

सर्वांत बारीक फसगत

आता पुन्हा एकदा यादीकडे वळा. भगवंतांनी त्यात आणखी दोन नावं ठेवली आहेत, ती सुटू नयेत. एक अहंकार आणि दुसरी चेतना.

चेतना, म्हणजे जागेपणा, तरतरी, तीही शेतातलीच. आज सकाळी ध्यान छान लागलं, मन स्वच्छ होतं, हे सुद्धा पीकच. उद्या नसेल. आणि अहंकार तर फार हुशार. तो साक्षीचंही सोंग घेतो. ‘बाकीचे कसे चिडतात बघा, मी मात्र फक्त बघतो’ असा विचार आला की ओळखावं, हे नवं तण. बांधावर उभा राहून शेजाऱ्याच्या शेतातलं गवत मोजणारा आपलं शेत पाहत नसतो. तेव्हा शांती आली तरी ‘शांती आली आहे’, गर्व आला तरी ‘गर्व आला आहे’. नियम सगळ्यांना एकच.

आजचा अभ्यास

मोठं काही नाही. दिवेलागणीला दहा मिनिटं. देवापुढे दिवा लावून झाला की तिथेच बसा.

१. आज दिवसभरात सर्वांत जोरात आलेली एक भावना आठवा. एकच.

२. तिला मराठीत नाव द्या, ‘येणं’ लावून. ‘मला हेवा आला होता.’ ‘मला धास्ती वाटली होती.’ ‘मी तसाच आहे’ हे वाक्य आज वर्ज्य.

३. ती अंगात कुठे जाणवली ते बघा. जबड्यात, पोटात, खांद्यांत? आत्ताही थोडी आहे का? असली तर असू द्या.

४. तिला काय करायचं होतं ते बघा. ओरडायचं होतं, पळायचं होतं, फोन आपटायचा होता? तिचं म्हणणं फक्त ऐका.

५. मग हळूच विचारा, ‘हे सगळं कोणाला कळतंय?’ उत्तर शोधायला धावू नका. प्रश्न विचारून नामाकडे या. राम कृष्ण हरी, जेवढा वेळ जमेल तेवढा.

मध्येच मन बाजारात गेलं तर ‘मन बाजारात गेलं’ एवढंच म्हणा आणि परत या. शंभर वेळा गेलं तर शंभर वेळा. परत येणं हाच अभ्यास आहे, न जाणं नव्हे.

सुरुवातीला भावना येऊन गेल्यावर संध्याकाळी कळेल. मग काही दिवसांनी तासाभरात कळेल. मग कधीतरी तोंड उघडायच्या आधी कळेल. त्या दिवशी घरातल्या कोणाला तरी तुमच्याकडून लागणारा एक शब्द वाचलेला असेल. त्यांना ते कळणारही नाही. न कळू दे.

हे पांडुरंगा, आमच्या शेतात काय उगवावं हे पूर्णपणे आमच्या हाती नाही. पण जे उगवेल त्याला आमचं नाव लावू नये, एवढी जाग दे. दुःख आलं तर त्याला तुझ्या पायाशी बसवू. सुख आलं तर तेही तुझ्याच पायाशी. आणि दोन्ही गेली तरी जो उरतो तो तूच आहेस, हे विसरू देऊ नकोस.

उद्याचा वाचनभाग : याच अध्यायाचे श्लोक ७ ते ११, ज्ञानाची लक्षणं. पहिलंच लक्षण अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. आजचा अभ्यास करून आलात तर उद्याचं सोपं जाईल.

॥ राम कृष्ण हरी ॥